जुन्या गाडीचे पहिले मालक

परत आल्यापासून लोक विचारतात, कुठे गेला होतात? मी सांगते, धुळ्याला, आणि तिथून चोपड्यावरून सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाला. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. जळगावहून धुळ्याला माणूस लग्नाला जातो, कोर्टाच्या कामाला जातो, फिरायला म्हणून कोणी जात नाही. चार दिवसांत चारशे किलोमीटरही झाले नसतील. तरीही हे लिहावंसं वाटलं, कारण मी गेले ते एक भांडण घेऊन, आणि तिथे पोहोचल्यावर ते भांडण माझं राहिलंच नाही.

गाडीपासून सांगायला हवं. मी जळगावला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माहेर यावलचं, केळीवाल्यांचं. घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसायचा. नोकरीला लागल्यापासून झाडं बघायला त्याच डोंगरात जाते, पण कायम यावलपर्यंत बस, पुढे मिळेल ते वाहन आणि उरलेलं पायी. गेल्या उन्हाळ्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. चौदा वर्षांची, खाकी रंगाची, डिझेलवर चालणारी आणि उंच. आत चढताना साडी असेल तर पंचाईत, म्हणून आता साड्या फक्त कॉलेजच्या कार्यक्रमांना.

विकणारे धुळ्याचे निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी. सगळे त्यांना नाना म्हणतात. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली म्हणून विकत होते. गाडीबरोबर त्यांनी मला एक वही दिली. ऑइल कधी बदललं, पट्टा कधी टाकला, ग्रीस कधी भरलं, सगळं तारीखवार. मी एकच प्रश्न विचारला होता, "नाना, गाडीचा कधी अपघात?" ते म्हणाले होते, "नाही." त्या वहीमुळे मी पुढे काही विचारलं नाही.

पहिले सहा महिने मी ती गाडी शिकत होते. मेहरूणच्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दर रविवारी पोतं अंथरून खाली झोपायचं आणि ग्रीसगनने एकेका सांध्यात ग्रीस भरायचं. चारही चाकांना जोर देणारा गिअरशेजारचा छोटा दांडा महिन्यातून एकदा तरी गाडी मातीत नेऊन टाकायचा, नाहीतर तो जाम होतो. शेजारच्या काकू सुरुवातीला वॉचमनला विचारायच्या, मॅडमचं काही पडलंय का? नंतर त्याच मला चहा आणून द्यायला लागल्या. हळूहळू आवाज ओळखू यायला लागले: हा चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, हा सायलेन्सरचा, हा नुसताच पाठीमागच्या पान्यांच्या पेटीचा.

डिसेंबरात सुट्टी लागायच्या आधी गाडी सलीम मिस्त्रींकडे खड्ड्यावर घेतली. ते खालून ओरडले, "मॅडम, जरा खाली या." टॉर्चच्या उजेडात त्यांनी चेसिसच्या डाव्या बाजूचा काळा रंग पटाशीने खरवडला होता. आत हातभर लांबीचा वेल्डिंगचा जोड.

"ही गाडी पलटी झालेली आहे," ते म्हणाले. "काम चांगलं केलंय. पण कोणी केलं, आत पट्टी टाकली की नाही, ते कळल्याशिवाय डोंगरात नेऊ नका."

घरी येऊन मी वही पुन्हा चाळली. एका वर्षी आषाढानंतर थेट दिवाळीपर्यंत एकही नोंद नव्हती. मला राग आला तो गाडीचा नाही. मी ज्या अक्षरावर विश्वास ठेवला होता, त्याचा आला.

धुळे

पारोळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस वेचणी चालली होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. "नाना, तुम्ही मला फसवलंत." नको, फार नाटकी. "नाना, तुमच्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली." हे फारच मऊ.

देवपुरात त्यांच्या गल्लीत वळले तर नाना फाटकाशी येऊन उभे. मी फोन केला नव्हता. गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी आवाज ओळखला होता. मी उतरायच्या आत त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"पुढच्या डाव्या पाट्याचा रबरी बुश गेलाय, मॅडम. आठ दिवस झाले असतील."

आवाज सुरू होऊन दहा दिवस झाले होते. माझी जुळवलेली वाक्यं तिथेच विस्कटली.

त्यांच्या पत्नी, अक्का, यांनी जेवल्याशिवाय बोलूच दिलं नाही. धुळ्याची शेवभाजी आमच्या जळगावच्या शेवभाजीपेक्षा काळी आणि तिखट असते. खोबरं आणि कांदा पार जळेपर्यंत भाजतात. आमच्याकडे पाहुण्याला हिवाळ्यात भरीत केलं नाही तर अपमान. इथे शेवभाजीचा दुसरा वाढा नाकारला तर. दुसरा वाढा घेतला, नाकातून पाणी आलं, आणि त्याच अवस्थेत मी विचारलं.

"नाना, चेसिसला जोड आहे."

ते ताटात बोटं फिरवत राहिले. अक्का दारात उभ्या होत्या. त्या अहिराणीत म्हणाल्या, "सांगा आते. किती दिन पोटमा ठेवशात?"

मग नानांनी सांगितलं.

नोकरीचं शेवटचं वर्ष. चोपडा तालुक्यात होते. गाडी स्वतःची, पण कामावरही तीच. जनावरांच्या दवाखान्यात गुलाब नावाचा रोजंदारीवरचा परिचर होता. जनावर धरणं, औषधाची पेटी उचलणं, पाड्यांवर वाट दाखवणं हे त्याचं काम. एका पावसाळ्यात डोंगराखालच्या पाड्यावर लाळ्या-खुरकुताची लस देऊन परत येताना नाल्याला पाणी होतं. गुलाब म्हणाला, साहेब, थांबू, तासाभरात उतरेल. नाना म्हणाले, चारही चाकांची गाडी कशाला घेतली मग?

"मी उतरून पाहिलंसुद्धा नाही," नाना म्हणाले. "मधे दगड होता. गाडी डाव्या अंगावर गेली. डावीकडे गुलाब बसलेला. त्याचा पाय खाली सापडला."

"पाय वाचला?"

"वाचला. पण घोटा कायमचा आखडला. हे एवढंच असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं, मॅडम. चौकशी झाली. माझी निवृत्ती चार महिन्यांवर. मी लिहून दिलं की गाडी गुलाब चालवत होता. रुग्णालयात त्याच्या खाटेपाशी बसून त्याची सही घेतली. म्हटलं, तुझी नोकरी मी सांभाळतो. मी निवृत्त झालो, आणि पुढच्या महिन्यात रोजंदारीच्या यादीतून त्याचं नाव कमी झालं."

"नंतर भेटलात?"

"नाही."

गाडी त्यांनी चोपड्यालाच दुरुस्त करून घेतली होती, आतून पट्टी टाकून. मिस्त्रीचं नावही त्यांना आठवत होतं. माझं काम तिथे संपलं होतं. मी गाडी घेऊन संध्याकाळी जळगावला परतू शकले असते. हात धुऊन आले तर नाना खुर्चीत तसेच बसलेले.

"मला गुलाबच्या गावाला न्याल का? एकट्याने बसने जमत नाही आता. मुलगा नेईल, पण कशाला ते त्याला सांगावं लागेल."

मी लगेच हो म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्यापेक्षा अवघडलेपणच जास्त होतं. मी गाडीचा दोष विचारायला आले होते, माणसाचा नाही. आणि त्या गुलाबने यांना भेटायची इच्छा तरी कधी दाखवली होती? अक्कांनी आत जाऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळायला घेतलं. वाटेसाठी भाकऱ्या होत्या हे मला नंतर कळलं.

तापी ओलांडून

रात्र नानांकडेच काढली, झोपायच्या आधी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यातच बुश बदलून घेतला. काम चालू असताना नाना शेजारी स्टुलावर बसून कान देत होते, मिस्त्रीने नट आवळला तसे म्हणाले, "अजून अर्धा फेरा." मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि अर्धा फेरा आवळला.

अमळनेरवरून चोपड्याचा रस्ता. नानांना दिसत नव्हतं, पण ते वाट सांगत होते. कापसाच्या जिनिंगजवळ सरकीचा वास आला की, "आता डावीकडे वळण." तापीच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ झाला तशी त्यांनी खिडकीबाहेर हात काढला. पलीकडे केळी सुरू झाली, हवा ओलसर झाली, आणि त्यांनी हात आत घेतला.

चोपड्याच्या अलीकडे इंजिनच्या तापमानाचा काटा लाल भागात गेला. बॉनेट उघडलं, वाफ. मी कपडा घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे गेले तशी मागून त्यांची हाक आली, "माय, हात लावू नको!"

सहा महिन्यांत पहिल्यांदा ते मला मॅडम म्हणाले नव्हते. आम्ही लिंबाखाली अर्धा तास बसलो. कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. रेडिएटरचा वरचा पाइप क्लिपजवळ चिरला होता. मी तो चिरलेला भाग चाकूने कापून टाकला, पाइप पुढे ओढून पुन्हा बसवला, पाणी भरलं. नाना सांगत होते, हात माझे होते.

"हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"गाडीने. आणि गुलाबने. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. साहेब मी होतो, एवढंच."

मुक्काम चोपड्याला केला. नाना जेवले नाहीत, तिखट जास्त झालं म्हणाले.

नाला

तिसऱ्या दिवशी अडावदच्या पुढे डोंगराच्या दिशेने वळलो. केळी मागे पडली, मग कापूस, मग हरभऱ्याचे तुकडे, आणि मग अंजनाची झाडं सुरू झाली. अंजनाचं जोडपान मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. त्या दिवशी मात्र थांबून पाहावंसं वाटलं नाही. रस्ता संपला, गाडीवाट लागली. आणि मग तोच नाला.

खाली नवा बंधारा झाल्यामुळे डिसेंबरातही पाणी तुंबलं होतं. पलीकडे गाव दिसत होतं. पार, पिंपळ, पाच-सहा माणसं. मी गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. पाणी पिंढरीला लागत होतं, एके ठिकाणी गुडघ्याला. पायाने तळ चाचपत पलीकडे गेले आणि परत आले. मधोमध डावीकडे एक मोठा दगड होता, पाण्याखाली, गुळगुळीत.

परत येऊन पाहते तर नानाही उतरलेले. दाराला धरून काठाशी पाण्यात उभे होते, चपला हातात.

"आहे का तो?" त्यांनी विचारलं.

"आहे."

छोटा दांडा टाकला, पहिला गिअर, आणि दगड डावीकडे सोडून सावकाश पलीकडे गेलो. पारावरची माणसं उठून बघायला लागली होती.

गुलाबचं घर शोधावं लागलं नाही. पाराच्या बाजूलाच पत्र्याच्या शेडमध्ये एक पन्नाशीचा माणूस पाण्याच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मोटार भरण्याचं काम, बसून करायचं. त्याने आम्हा दोघांच्या आधी गाडीकडे पाहिलं, ती इथे कशी आली म्हणून.

"हाई गाडी आठे कशी उनी?"

मग नानांकडे. बराच वेळ. त्याने हातातली तार खाली ठेवली नाही.

"बठा, नाना," तो शेवटी म्हणाला. "डोळाले काय व्हयनं?"

नाना बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "गुलाब, मी जे लिहून दिलं ते खोटं होतं."

"माले माहीत शे. सही मीच करेल शे."

गुलाबची बायको आतून पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या मला दिला. नानांना दिला नाही. नाना म्हणाले, मी ऑफिसला खरं काय ते लिहून देतो, आजच देतो, तुझ्यासमोर. गुलाबने मान हलवली.

"कागद नको. कागदनीच तर बठ्ठं करं." सगळं कागदानेच केलं, हे तो आवाज न चढवता सांगत होता, गिऱ्हाइकाला मोटार कुठे जळली ते समजावून सांगावं तसं. "पायनं काही नही, नाना. पाय कोणाना बी जास. पण आठ वरीस बठ्ठा गाव म्हनस, गुलाबनी सायबनी गाडी पलटाई. मना सख्खा भाऊ माले ट्रॅक्टरले हात लावू देत नही. पारवर चाला. बठ्ठासना समोर सांगा."

नानांनी माझा दंड धरला. पार वीस पावलांवर होता, पण मला ते अंतर फार वाटलं. माणसं बसलेली, काही त्यांना ओळखत होती, "डॉक्टरसाहेब उना" म्हणून पुढे आली, एकाने वाकून पायांना हात लावला. नानांनी त्याचा हात बाजूला केला.

"आधी ऐका," ते म्हणाले. "मग पाया पडायचं का ते ठरवा."

आणि त्यांनी सांगितलं. गुलाबने थांबायला सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही. गाडी आपण चालवत होतो. नंतर भीतीने त्याच्यावर ढकललं. त्यांना समोरचे चेहरे दिसत नव्हते, ते मात्र मला दिसत होते. कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा उठून निघून गेला. ज्याने पायांना हात लावला होता तो मागे सरकला आणि त्याने हात धोतराला पुसला. एक धिप्पाड माणूस गुलाबकडे बघेना. तो त्याचा भाऊ होता, हे नंतर समजलं.

गुलाब काठी टेकत माझ्याकडे आला.

"ताई, गाडी तुमनी ना? चाबी द्याल?"

मी घाबरले. परवाना आहे की नाही माहीत नाही, डावा घोटा आखडलेला, क्लच डाव्या पायाचा, समोर पाणी. गाडी माझी, काही झालं तर जबाबदारीही माझीच. मी नानांकडे पाहिलं, पण ते मदत करू शकत नव्हते, आणि या बाबतीत त्यांना विचारणं बरोबरही नव्हतं. मी किल्ली दिली.

गुलाब चढला. सीट पुढे ओढली. क्लच त्याने घोट्याने नाही, अख्ख्या मांडीने दाबला. नाना चाचपडत डावीकडच्या दाराशी गेले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. कोणी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं.

गाडी पाण्यात गेली आणि मधे, दगडाच्या थोडी अलीकडे, धक्का खाऊन बंद पडली. पारावरचा एक जण हसला. गुलाबची बायको माझ्या शेजारी येऊन उभी होती. तिने हसणाऱ्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. पाण्यात इंजिन दोनदा घरघरलं. तिसऱ्यांदा लागलं. गुलाबने गाडी हातभर मागे घेतली, दगड मोजल्यासारखा बाजूला सोडला, आणि पलीकडचा चढ एका दमात चढला. तिकडे वळवली, आणि पुन्हा पाण्यातून परत आला. या वेळी गाडी कुठेही थांबली नाही.

उतरून त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "क्लच जरा खाले शे. दोन फेरा वर ल्या," एवढंच म्हणाला, आणि शेडमध्ये जाऊन मोटारीपाशी बसला. भाऊ त्याच्या मागोमाग गेला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. चहा कोणी विचारला नाही. आम्ही निघालो.

चौथा दिवस

ती रात्र पुन्हा चोपड्याला काढली. सकाळी धुक्यातून अमळनेरकडे निघालो. पुलाच्या अलीकडे ऊन वर आलं. घरून निघताना गाडी विकून टाकायचा विचार होता; आता विकणार नाही हे मी मनाशी ठरवलं होतं, पण ते त्यांना सांगायची वेळ ती नव्हती.

पारोळ्याकडून येणारा रस्ता मिळाला, तेव्हा नाना म्हणाले, "त्याने मला पुन्हा या म्हटलं नाही."

"नाही म्हटलं."

"म्हणायला नकोच होतं."

आणखी दोन-तीन किलोमीटर गेले. समोर कापसाचा ट्रक होता, त्याच्या मागे आम्ही हळूहळू चाललो होतो.

"मी शेजारी बसलो होतो," ते म्हणाले. "पण मला दिसलं नाही. तुम्ही काठावर होता. गाडी परत येत होती तेव्हा त्याचा चेहरा कसा होता? माझ्याकडे बघत होता का?"

बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. त्यांना पडताळून पाहता आलं नसतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही, नाना. त्याने तुमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो पाण्याकडे बघत होता."

नानांनी मान डोलावली. मग त्यांनी सीटवर पाठ टेकली आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांना झोप लागली. धुळ्याच्या वेशीपर्यंत मी गाडी चाळिसाच्या वर नेली नाही.